छातीचा ताप आणि शरीरांतील अंतःस्राव

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त नागपूर येथें दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या व्यवस्थापक मंडळानें आरोग्याविषयीं चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हां विषय कोणता घ्यावा ह्याचा फारसा विचार करावा लागला नाहीं. ज्या सांथीनें ह्या शहरांतील कोणाच्या घरचें माणूस नेलें, कोणाचा डोळा नेला, आणि कोणाच्या औषधांच्या डब्यांत एक नवी गोळी कायमची आणून ठेविली, त्या सांथीचाच विषय आज घेतला आहे. २०२० व २०२१ सालच्या कोरोनाविषयीं बोलणें आतां पुष्कळांस नकोसें वाटतें. गेलें तें गेलें, पुन्हां कशाला उकरावें, असें म्हणणारांचें मन आम्ही जाणतों. परंतु त्या सांथीनें घालून दिलेला एक धडा अद्याप आपल्या अंगवळणीं पडलेला नाहीं. तो न पडल्यास पुढच्या सांथीस, किंबहुना पुढच्या साध्या इन्फ्लुएन्झासहि, आपण तीच किंमत पुन्हां मोजूं, अशी आम्हांस भीति वाटते.

तो धडा थोडक्यांत असा: श्वासावाटे शरीरांत शिरणारा विषाणु फुप्फुसांपाशींच थांबत नाहीं. शरीराचा कारभार ज्या अंतःस्रावांच्या आधारें चालतो त्या कारभारांतहि तो ढवळाढवळ करितो. आणि ताप उतरला व खोकला थांबला म्हणून ती ढवळाढवळहि थांबली असें समजणें धोक्याचें आहे.

प्रथम हे अंतःस्राव म्हणजे काय तें पाहूं. आपल्या शरीरांत दोन प्रकारच्या ग्रंथि आहेत. कांहींचा रस नळीवाटे ठराविक ठिकाणीं जातो. लाळ व घाम हीं त्याचीं उदाहरणें. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथींस नळी नसते. त्या आपला रस थेट रक्तांत सोडतात, आणि रक्त तो शरीराच्या कानाकोपऱ्यांत नेऊन पोंचवितें. ह्या रसांस अंतःस्राव किंवा संप्रेरकें म्हणतात. स्टार्लिंग नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०५ सालीं त्यांस हार्मोन हें नांव दिलें व तेंच पुढें जगभर रूढ झालें. अंतःस्राव म्हणजे टपालांत टाकलेलें पत्रच होय. तें सर्व गल्ल्यांतून फिरतें. परंतु ज्याचा पत्ता त्यावर लिहिलेला असतो तोच तें उघडतो व त्याप्रमाणें वागतो.

ह्या ग्रंथि आकारानें लहान, परंतु त्यांचा अधिकार मोठा. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथि आहे. ती इतर बहुतेक ग्रंथींस हुकूम सोडते, आणि तिच्यावर स्वतः मेंदूच्या अधश्चेतक नांवाच्या भागाची हुकमत चालते. गळ्याच्या पुढल्या भागीं थायरॉईड ग्रंथि आहे. शरीराची शेगडी मंद ठेवावी कीं प्रखर, हें ती ठरविते. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथि आहेत. संकटाच्या वेळीं लागणारे स्राव त्यांच्याकडून येतात. जठराच्या मागें आडवें पडलेलें स्वादुपिंड आहे. त्यांतील पेशींच्या लहान लहान बेटांतून इन्सुलिन पाझरतें व रक्तांतील साखर आवरून धरितें. ह्यांशिवाय पुरुषांचे वृषण व स्त्रियांचे अंडाशय हेहि ह्याच मंडळांतले सभासद होत.

आतां विषाणु नाकावाटे आंत आला कीं काय घडतें? रक्तांतील पांढऱ्या पेशी धोक्याची वर्दी देणारीं द्रव्यें सोडूं लागतात. तीं मेंदूपर्यंत पोंचतांच अधश्चेतकाकडून पीयूषिकेस, आणि पीयूषिकेकडून अधिवृक्क ग्रंथींस हुकूम सुटतो, व कॉर्टिसोल नांवाचा स्राव वाढतो. कॉर्टिसोल मुख्यतः दोन कामें करितो. एक, लढणाऱ्या शरीरास शिधा पुरावा म्हणून तो यकृताकडून साखर सोडवून रक्तांत आणितो. दुसरें, शत्रूस जाळण्याच्या भरांत सैन्यानें आपलाच गांव पेटवूं नये म्हणून तो दाह आवरून धरितो. ॲड्रेनॅलिन नांवाचा दुसरा स्राव साखर वाढविण्याच्या कामीं त्यास साहाय्य करितो. ह्यामुळेंच निरोगी माणसाच्या रक्तांतील साखरहि मोठ्या तापांत थोडी चढते. निरोगी स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडून तोल संभाळतें. ज्याचें स्वादुपिंड आधींच थकलेलें असतें, त्याचा तोल मात्र येथेंच सुटतो.

हा प्रकार कोरोनापासून सुरू झाला असें नव्हे. १९१८ सालच्या शरद ऋतूंत इन्फ्लुएन्झाच्या सांथीनें हिंदुस्थानास झोडपलें, तेव्हां ज्या प्रांतांस सर्वांत जबर तडाखा बसला त्यांत मध्यप्रांत व वऱ्हाड हा एक होता. आणि त्या प्रांताची राजधानी हें आपलें नागपूर होतें. त्या वेळीं जगांत कोठेंहि इन्सुलिन उपलब्ध नव्हतें. टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट ह्यांनीं त्याचा शोध १९२१ सालीं लाविला, आणि माणसास तें प्रथम टोंचलें गेलें तें १९२२ च्या जानेवारींत. म्हणजे १९१८ च्या तापांत ज्याची साखर भडकली असेल, त्याच्यासाठीं मोठ्यांतल्या मोठ्या डॉक्टराच्या हातींहि उपाय नव्हता. आज तो उपाय कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानांत मिळतो. उणीव आहे ती वेळींच लक्ष देण्याची.

कोरोनाच्या विषाणूची गोष्ट आणखी एका कारणानें विशेष आहे. पेशींत शिरण्यासाठीं त्यास दार लागतें, आणि त्यानें जें दार निवडलें तेंच मुळीं एका अंतःस्रावाच्या व्यवस्थेंतलें आहे. पेशींच्या पृष्ठभागावर एसीई-२ नांवाचें एक प्रथिन असतें. रक्तवाहिन्या आवळणारा अँजिओटेन्सिन नांवाचा जो स्राव आहे, त्यास सौम्य करून रक्तदाब व दाह आटोक्यांत ठेवणें हें त्या प्रथिनाचें नेहमींचें काम. विषाणु ह्याच प्रथिनास चिकटून आंत शिरतो. हें प्रथिन फुप्फुसांत आहे, तसेंच आंतडें, मूत्रपिंड व हृदय ह्यांत आहे. स्वादुपिंड, थायरॉईड व वृषण ह्यांतहि तें आढळलें आहे. दार आहे म्हणून चोर प्रत्येक खोलींत शिरलाच असें म्हणतां येत नाहीं. कोठें विषाणूनें स्वतः नासधूस केली, कोठें शरीराच्या दाहानें केली, तर कोठें औषधांनीं भर घातली. परंतु रुग्णास सोसावें लागलें तें तिन्हींचें एकत्र फळ.

एकेका ग्रंथीचा समाचार घेऊं. थायरॉईडविषयीं: नाकाघशाच्या विषाणुजन्य आजारानंतर कांहीं आठवड्यांनीं ह्या ग्रंथीस सूज येऊं शकते, हें डॉक्टर लोकांस पूर्वीपासून माहीत आहे. डी कर्व्हेन नांवाच्या स्विस शस्त्रवैद्यानें १९०४ सालीं तिचें वर्णन केलें व ती सूज त्याच्याच नांवानें ओळखली जाते. कोरोनानंतर अशी सूज आल्याची पहिली नोंद इटलींतील पिसा येथील १८ वर्षांच्या एका मुलीची असून ती २०२० सालीं प्रसिद्ध झाली. गळा पुढून दुखतो, ती वेदना कानाकडे जाते, छाती धडधडते, वजन उतरतें, हात कांपतात. ह्या सुजेंत ग्रंथींतला सांठलेला स्राव एकदम रक्तांत सांडतो म्हणून हें होतें. पुढें सांठा संपला कीं कांहीं काळ उलट मरगळ येते. बहुतेकांची ग्रंथि कांहीं महिन्यांत पूर्ववत् होते, परंतु थोड्या जणांस कायम गोळी घ्यावी लागते. म्हणून आजारानंतरच्या धडधडीस 'भीति बसली आहे' म्हणून झटकून टाकूं नये. रक्ताची एक तपासणी तिचा उलगडा करूं शकते.

अधिवृक्क ग्रंथींविषयीं: कोरोनाचाच थोरला भाऊ म्हणावा असा सार्स नांवाचा आजार २००३ सालीं आला होता. सिंगापूर येथें त्यांतून वांचलेल्या ६१ जणांची तपासणी झाली, तेव्हां २४ जणांत कॉर्टिसोल अपुरा आढळला. त्यांतील बहुसंख्य वर्षभरांत सुधारले. ह्यावरून दोन गोष्टी घ्यावयाच्या. आजारानंतरचा थकवा शरीरांत खरोखरच घर करून असूं शकतो, आणि काळ व उपचार ह्यांनीं तो पुष्कळदां जातो. आपल्या घरांतून मात्र अशा माणसास काय ऐकावें लागतें? 'चार महिने झाले तरी अंग मोडून काम करीत नाहीं, आळशी झाला आहे.' बंधूंनो, सगळाच थकवा अंतःस्रावांतून येतो असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तपासणीपूर्वी निकाल देणारा न्यायाधीश कोणासहि प्रिय नसतो, हें ध्यानांत ठेवावें.

जननग्रंथींविषयीं मंडळींत बोलण्याचा संकोच वाटतो, म्हणून इतकेंच सांगतों कीं आजारांत पुरुषांतील टेस्टोस्टेरॉन हा स्राव उतरल्याचें व स्त्रियांच्या मासिक पाळीचें वेळापत्रक बिघडल्याचें पुष्कळ ठिकाणीं आढळलें; बहुतेकांचें तें आपोआप रुळावर आलें. न आल्यास डॉक्टरांस विचारण्यांत लाज कसली?

आतां मुख्य गोष्टीकडे, म्हणजे स्वादुपिंडाकडे व साखरेकडे वळूं. येथें आपल्या शहराची कथा सुरू होते. परंतु तिच्यापूर्वीं एका औषधाचा इतिहास सांगितला पाहिजे.

कॉर्टिसोल दाह आवरतो हें वर आलेंच आहे. १९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिक येथें डॉ. हेंच ह्यांनीं संधिवातानें जखडलेल्या एका स्त्रीस ह्याच जातीचें कॉर्टिसोन नांवाचें द्रव्य टोंचलें, आणि ती थोड्याच दिवसांत चालूं लागली. (आपल्या मेयो रुग्णालयाचा त्या संस्थेशीं नांवापलीकडे संबंध नाहीं.) ह्या कामासाठीं हेंच, केंडाल व राइखस्टाइन ह्यांस १९५० सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. आज ज्यांस आपण स्टेरॉईड म्हणतों तीं औषधें ह्या घराण्यांतलीं. कोरोनांत तीं केव्हां द्यावीं ह्याचा निर्णय ऑक्सफर्ड विद्यापीठानें चालविलेल्या रिकव्हरी नांवाच्या मोठ्या चाचणीनें केला. तिचा निष्कर्ष १६ जून २०२० रोजीं जाहीर झाला. डेक्सामेथासोन हें औषध दररोज ६ मिलिग्रॅम, फार तर १० दिवस दिल्यास श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें, आणि नुसता प्राणवायु लागणाऱ्यांचे सुमारें एकपंचमांशानें कमी झाले. हा लाभ लहान नव्हे. औषध स्वस्त होतें व गरिबासहि परवडणारें होतें. परंतु त्याच चाचणीनें दुसरीहि गोष्ट तितक्याच स्पष्टपणें सांगितली होती: ज्यांस प्राणवायूची गरजच नव्हती त्यांस ह्या औषधानें कांहींहि लाभ झाला नाहीं.

पहिलें वाक्य सर्वांनीं ऐकलें. दुसरें गर्दींत हरवलें.

ती गर्दी कशी होती हें येथें बसलेल्यांस सांगावयास नको. १५ मार्च २०२१ पासून नागपुरांत कडक टाळेबंदी करावी लागली. एप्रिलमध्यें जिल्ह्यांत एकेका दिवशीं सात सात हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले जाऊं लागले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय, मेयो, खाजगी रुग्णालयें, सर्व भरून गेलीं. विशाखापट्टणमहून प्राणवायु घेऊन निघालेल्या रेल्वेगाडीनें २३ एप्रिल रोजीं तीन टँकर नागपुरास उतरविले, तेव्हां तें वृत्त लोकांनीं पावसाच्या पहिल्या सरीसारखें ऐकलें. अशा दिवसांत खाट मिळेना, डॉक्टर फोनवर सांपडेना. मग शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरचीं औषधें, नातलगानें मोबाईलवर पाठविलेली यादी, हींच कित्येक घरांचा आधार झालीं. त्या याद्यांत स्टेरॉईडहि असे. तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशींच तें सुरू होई, दहा दिवसांचें वीस दिवस होत, आणि साखर पाहण्याचें कोणाच्या मनांतहि येत नसे. कोणास दोष देण्यासाठीं आम्ही हें सांगत नाहीं. बुडणारा माणूस हातीं लागेल तें धरितो.

आतां ह्या तिहींची बेरीज करूं. तापामुळें शरीराचा स्वतःचा कॉर्टिसोल वाढलेला; त्यावर बाहेरून त्याच जातीचें औषध; आणि आंत आधींच थकलेलें, कदाचित् विषाणूनें आणखी दुखावलेलें स्वादुपिंड. साखर तीनशें, चारशेंवर जाई. ज्यास आपणांस मधुमेह आहे हेंच ठाऊक नव्हतें, त्याचीहि जाई. आणि असे लोक आपल्या देशांत थोडे नाहींत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा जो अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणें भारतांत १० कोटि १० लक्ष लोकांस मधुमेह आहे, व आणखी १३ कोटि ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत.

ह्या वाढलेल्या साखरेचा लाभ घेणारा एक तिसराच प्राणी आपल्या भोंवतीं नेहमींच असतो. म्युकर जातीच्या बुरशीचीं बीजें मातींत, कुजलेल्या पानांत, शिळ्या भाकरीवर, हवेंत सर्वत्र आहेत. आपण तीं रोज श्वासाबरोबर घेतों व आपल्या पांढऱ्या पेशी तीं गुपचूप गिळून टाकतात. परंतु साखर फार वाढली कीं ह्या पेशींस ग्लानि येते. स्टेरॉईडनें ती अधिक वाढते. रक्तांत आम्लता आली तर बंदिस्त असलेलें लोह सुटें होतें व तें बुरशीचें आवडतें खाद्य आहे. मग ती नाकाच्या पोकळींत रुजते आणि रक्तवाहिन्यांत घुसून त्या बंद करिते. रक्त न मिळालेला भाग मरतो व काळा पडतो. म्हणून लोकांनीं तिला काळी बुरशी म्हटलें. नाकांतून ती टाळूस, जबड्यास, डोळ्याच्या खोबणीस व अखेर मेंदूस गांठते.

२०२१ च्या मे महिन्यांत केंद्र सरकारनें ह्या रोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद करण्यास राज्यांस सांगितलें. २८ जून २०२१ रोजीं केंद्रीय मंत्रिगटापुढें जे आंकडे ठेवण्यांत आले ते असे: देशांत ४०,८४५ रुग्ण, त्यांत ३,१२९ मृत्यु. ह्या रुग्णांपैकीं सुमारें ८५ टक्के लोकांस कोरोना होऊन गेलेला होता, सुमारें ६४ टक्के मधुमेही होते, आणि निम्म्याहून अधिक लोकांस स्टेरॉईड दिलें गेलें होतें. महाराष्ट्रांत ज्या जिल्ह्यांत हा रोग सर्वांत अधिक आढळला त्यांत आपला नागपूर जिल्हा अग्रभागीं होता. त्या वेळीं कोणी प्राणवायूच्या बाटलींतल्या पाण्यास दोष दिला, कोणी मळक्या मुखपट्टीस. स्वच्छता हवीच, परंतु वरचे आंकडे ज्या बाजूस बोट दाखवितात ती बाजू साखरेची व अवेळीं दिलेल्या औषधाची आहे.

उपचार दोन होते: मेलेला भाग शस्त्रानें काढून टाकणें, व ॲम्फोटेरिसिन-बी ह्या औषधाचीं इंजेक्शनें. हें औषध इतकें दुर्मिळ झालें कीं लोक एका कुपीसाठीं शहरभर हिंडले. अखेर आपल्या शेजारच्या वर्धा येथील जेनेटेक लाइफसायन्सेस ह्या कारखान्यांत त्याचें उत्पादन मेच्या अखेरीस सुरू झालें, व सुमारें सात हजार रुपयांची कुपी बाराशें रुपयांस मिळण्याची सोय झाली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मेयो व शासकीय दंत महाविद्यालय येथील शस्त्रवैद्यांनीं, परिचारिकांनीं व सेवकांनीं त्या उन्हाळ्यांत जें केलें तें ह्या शहरानें विसरूं नये. तरी पण कित्येकांचे जीव वांचवितांना डोळा किंवा टाळू व जबडा द्यावा लागला. टाळूच्या जागीं कृत्रिम पट्टी लावल्यावांचून ज्यास घोटभर पाणी पितां येत नाहीं, अशीं माणसें आज आपल्यांत वावरत आहेत. त्यांस कोरोनानें सोडलें होतें. ताप उतरला होता. घरीं आरती ओवाळून आंत घेतलें होतें. ज्या आठवड्यांत घर निर्धास्त झालें, त्याच आठवड्यांत बुरशी रुजत होती.

ह्या एका गोष्टींत आमच्या सर्व व्याख्यानाचें सार आहे. तापमापकाचा पारा उतरणें म्हणजे आजार संपणें नव्हे. कारण अंतःस्रावांचा बिघाड तापमापकावर दिसत नाहीं. तो रक्ताच्या तपासणींत दिसतो, आणि तपासणी केली तरच दिसतो. अमेरिकेंतील निवृत्त सैनिकांच्या आरोग्यनोंदींवरून २०२२ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं कोरोना होऊन गेलेल्यांत पुढील वर्षभरांत नवा मधुमेह आढळण्याचा संभव इतरांहून सुमारें ४० टक्क्यांनीं अधिक होता. दर हजार माणसांमागें सुमारें १३ रुग्ण अधिक. त्यांतील कांहींचा मधुमेह आधींचाच लपलेला असूं शकेल. पण लपलेला चोर दिव्यानें सांपडला तर दिव्यास कोण दोष देईल?

आतां करावयाचें काय? पांच गोष्टी सांगतों.

पहिली. घरांत कोणास मधुमेह असेल व छातीचा ताप आला, तर साखर दिवसांतून अनेकदां बोट टोंचून मोजावी. 'आज जेवला नाहीं, मग इन्सुलिन कशाला' असें म्हणून तें आपल्या मनानें बंद करूं नये. तापांत साखर उपाशीपोटींहि चढते. कांहीं गोळ्या मात्र अशा वेळीं थांबवाव्या लागतात. कोणत्या, तें डॉक्टरांनीं सांगावें, शेजाऱ्यांनीं नव्हे.

दुसरी. स्टेरॉईड हें धारदार शस्त्र आहे. योग्य हातीं, योग्य वेळीं त्यानें हजारोंचे प्राण वांचविले. जुन्या चिठ्ठीवर किंवा दुसऱ्याच्या यादीवरून तें कधीं घेऊं नये. आणि डॉक्टरांनीं दिलें तर 'किती दिवस? साखर केव्हां तपासावी?' हे दोन प्रश्न अवश्य विचारावे.

तिसरी, आणि ही दुसरीच्या उलट आहे म्हणून नीट ऐकावी. दमा, संधिवात वगैरे आजारांसाठीं जे दीर्घकाळ स्टेरॉईडच्या गोळ्या घेत आहेत, त्यांनीं भिऊन त्या एकाएकीं सोडूं नयेत. बाहेरून स्राव मिळत राहिला म्हणजे अधिवृक्क ग्रंथि झोंपीं जातात. त्या जाग्या होण्यापूर्वीं औषध तोडलें तर, विशेषतः तापांत, रक्तदाब कोसळून प्राणावर बेततें. तापांत अशांची मात्रा उलट वाढवावी लागते.

चौथी. मोठ्या तापानंतर, विशेषतः रुग्णालयांतून परतल्यानंतर, साखरेची तपासणी तेव्हां एकदां व सुमारें तीन महिन्यांनीं पुन्हां करावी. उपाशीपोटीं साखर १०० च्या आंत असावी. १२६ किंवा अधिक दोनदां आढळली तर मधुमेह समजावा. आजारांत वाढलेली साखर कांहींची पुढें पूर्ण उतरते. म्हणून एकदां वाढली तर धीर सोडूं नये, व एकदां उतरली तर ढिलाई करूं नये. आजाऱ्यास भेटावयास जातांना आपण नागपूरकर संत्रीं नेतों. त्यांत प्रेम आहे. पण ज्याची साखर तापानें व औषधानें चढलेली आहे त्यास पेला पेला रस काढून पाजणें म्हणजे आगींत तूप ओतणें. अर्धें संत्रें सोलून, फोडींसकट, विचारून द्यावें.

पांचवी. अशा आजारानंतर चेहऱ्याची एक बाजू सुजली वा बधिर झाली, एक नाकपुडी बंद होऊन काळसर स्राव आला, वरचे दांत हलूं लागले, पापणी लवली किंवा एकाचे दोन दिसूं लागले, तर उद्यांची वाट पाहूं नये. ह्या रोगांत एका रात्रीचें मोल एका डोळ्याएवढें असूं शकतें.

शेवटीं ह्या महोत्सवाच्या निमित्तानें एक सूचना मांडतों. आपल्या धर्मग्रामांत आजाऱ्यांच्या घरीं जाऊन त्यांची विचारपूस करणाऱ्या भगिनी आहेत. त्यांच्या पिशवींत प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारीं साखर मोजण्याचें एक लहान यंत्र असावें. महिन्यांतून एका रविवारीं, मिस्सा आटोपल्यावर, सभागृहांत कोणासहि आपली साखर मोजून घेतां यावी. ह्यास मोठा खर्च नाहीं, मोठी विद्याहि लागत नाहीं. ज्याची वाढलेली दिसेल त्यास डॉक्टरांकडे पाठविलें म्हणजे झालें. महोत्सवाची आठवण म्हणून दगडावर नांवें कोरतात, तीं अवश्य कोरावीं. परंतु पुढची सांथ येईल तेव्हां आपल्यांतील कोणाचा लपलेला मधुमेह आधींच उघडकीस आलेला असेल, त्याच्या घरच्यांस काय करावें व काय टाळावें हें ठाऊक असेल, आणि त्याचे दोन्ही डोळे शाबूत राहतील, तर ह्या वर्षाची तीहि एक आठवणच ठरेल.